वेळेआधी बंद केलेला डोंगर

मेमे योन्तेनने यंदा डोंगर दोन महिने आधीच बंद केला आणि मला आनंद झाला. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून कुणी म्हणायचं, युदेन म्हातारी मोठी भोळी. मी भोळी नाही. हिच्या जिभेला हाड नाही असं माझा नवरा जिवंतपणी सगळ्यांना सांगत फिरायचा, आणि तो खोटं बोलणारा माणूस नव्हता.

ओमशारमध्ये घरं अकरा. त्यातल्या नऊ घरांना कुलपं आणि कुलपांना गंज. उरलेली दोन म्हणजे माझं आणि ओढ्यापलीकडचं मेमेचं. मेमे म्हणजे आजोबा. गावातली पोरं त्याला तसं म्हणायची. पोरं गेली, नाव माझ्या वाट्याला आलं. माझ्याहून सात-आठ वर्षांनीच मोठा आहे तो. समोर मी 'तुम्ही' म्हणते, पाठीमागे 'तो'. एवढं चालायचंच.

सकाळी उठले की मी आधी चूल पेटवते, मग अंगणात येऊन त्याच्या छपरावर धूर आहे का बघते. तोही माझा धूर बघत असतो. विचारलं तर म्हणतो, "छे, मी हवा कशी आहे ते बघत होतो."

माणूस गाव सोडून गेलं की शेतात पहिल्या वर्षी रानदवणा उगवतो. मग काटेरी झुडपं, मग पांढऱ्या सालीची झाडं, आणि गेलेल्याचं पोर शाळा संपवायच्या आत तिथे अस्वल झोपलेलं असतं. मागच्या हिवाळ्यात वनखात्याचा एक कोवळा साहेब आला होता. पाटीएवढा फोन घेऊन बांधाबांधाने फिरला आणि घामाघूम होऊन माझ्या ओट्यावर बसला.

"अबी, अभिनंदन!" म्हणाला. अबी म्हणजे आजी. "तुमच्या खोऱ्यात जंगल वाढलंय. कायद्यात साठ टक्के जमीन जंगलाखाली हवी असं लिहिलंय, आपण त्याच्या कितीतरी पुढे आहोत."

"बाळा, तू आत्ता ज्या झाडाखालून आलास ना, तिथे कुन्लेच्या घरचं खळं होतं," मी म्हटलं. "कुन्लेची माणसं थिंफूला गेली, तेव्हा तुझं जंगल आलं. आणखी हवं असेल तर मलाही घेऊन जा. माझ्या शेतात दोन वाघ मावतील."

तो हसला. चहा प्यायला, त्यात लोणी जास्त झालं म्हणाला, आणि मेमेचा फोटो काढून गेला. जंगल राखणारा जुना माणूस म्हणून तो फोटो कुठेतरी लावणार होते म्हणे.

मला जंगलाचा राग नाही. त्याने कुणाला हाकललं नाही. आपण उठलो, ते बसलं.

आणि जंगल राखायला आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. डोंगराला धनी आहे. पेरण्या उरकल्या की चौथ्या महिन्यात डोंगर बंद करायचा, तो नवव्या महिन्यात कुट्टू कापून घरात आल्यावर उघडायचा. मधल्या काळात फाटकाच्या पुढे कुणी पाऊल टाकायचं नाही. कुऱ्हाड नाही, मांस भाजणं नाही, आरडाओरड नाही. धन्याला वास गेला किंवा आवाज गेला की तो गारा टाकतो. फाटक तरी काय, दगडांचे दोन ढीग, त्यांच्यावर आडवा टाकलेला धूपाच्या झाडाचा वासा आणि वाशाला गुंडाळलेलं पांढरं सूत. शेळीसुद्धा खालून निघून जाईल. पण माणूस जात नसे.

तीच वाट पुढे रोंगला खिंडीतून पलीकडे मोटाररस्त्याला लागते. पूर्वी नदीकाठाने दुसरी वाट होती, ती दरडीखाली गेली. दोन म्हाताऱ्यांसाठी वाट कोण बांधून देतो? त्यामुळे आता डोंगर बंद म्हणजे आम्ही आत.

बंद करायचा हक्क मेमेच्या घराण्याचा. सूत बांधून झालं की तो तिथूनच एकेका घराचं नाव घेऊन हाक मारतो, आणि त्या घरातल्या कुणीतरी अंगणात येऊन "ऐकलं!" असं उत्तर द्यायचं. मेमे अजून अकराच्या अकरा घरांना हाक मारतो. प्रत्येक नावानंतर थांबतो. घरातली बाई हात पुसून बाहेर येईल, एवढा वेळ थांबतो. एका वर्षी मला ते ऐकवेना. कुन्लेच्या घराची हाक आली तेव्हा मीच ओरडले, "ऐकलं!"

खाली आल्यावर तो माझ्या अंगावर धावून आला. "डोंगराला खोटं सांगतेस? रिकामं घर कधी ऐकतं का?"

"मग रिकाम्या घराला हाक कशाला मारता?"

"हाक मारणं माझं काम. उत्तर देणं त्यांचं."

"आणि माझ्या चार ओळी मका आणि तुमचा मूठभर कुट्टू, एवढ्यासाठी अख्खा डोंगर बंद?"

"गारा काय कणसं मोजून पडतात?" म्हणाला.

असा माणूस. त्याच्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण बोलायला तोच होता.

दुसऱ्या महिन्यात शेराबचा निरोप आला. शेराब म्हणजे मेमेचा एकुलता मुलगा. आई लहानपणीच गेली, मेमेनेच वाढवला. ऑस्ट्रेलियात पर्थला जाऊन त्याला पाच वर्षं झाली. तिथे तो म्हाताऱ्यांच्या घरात कामाला आहे. परक्यांच्या बापांना आंघोळ घालतो, घास भरवतो, रात्री पांघरूण घालतो. बायको आणि मुलगी थिंफूत असतात. ती नात मेमेने पाहिली आहे ती फक्त माझ्या फोनवर. फोन मला माझ्या मुलीने दिलाय, आणि त्याला रेंज येते ती गावाच्या वरच्या खडकावर. तिथे चढून निरोप उतरवून घ्यायचे आणि खाली आणून मेमेला ऐकवायचे, हे माझं काम.

"आपा," शेराबचा आवाज फोनमधून आला, "मी सुट्टीवर येतोय. या वेळी तुम्हाला घेऊनच जाणार. थिंफूच्या घरात तुमची खोली तयार आहे. पोरगी रोज विचारते, मेमे कधी येणार म्हणून. आता नाही म्हणायचं नाही."

मेमे चुलीपुढे बसला होता. "पुन्हा लाव," म्हणाला. मी लावला. मग म्हणाला, "केवढ्याने ओरडतो! मी काय बहिरा आहे?"

"उत्तर काय देऊ?"

"काही नको."

 मी घरी आले आणि नुसतीच बसून राहिले. मेमे गेला तर या खोऱ्यात एकच धूर उरणार होता, आणि तो बघायला कुणी नसणार होतं. माणसं विचारतात, मग तू का जात नाहीस मुलीकडे? गेले होते एक हिवाळा. चौथ्या मजल्यावर खिडकीत बसून खालच्या गाड्या बघितल्या. मुलगी वाईट नाही, जावईही नाही. पण तिथे मी कुणाच्या उपयोगाची नव्हते. भाजी चिरायला घेतली तर "राहू दे गं आमा, तू बस" म्हणायचे. बसून बसून मी दगड झाले. इथे निदान रानडुकरं तरी माझ्या धाकात असतात. मी परत आले. पुढे मुलीने बोलवायचं सोडून दिलं.

दोन दिवसांनी मेमे ओढा ओलांडून माझ्या दारात आला. "मीठ, तेल, काडेपेटी, सगळं आहे ना घरात?"

"आहे. का?"

"उद्या डोंगर बंद करतो."

"उद्या? अहो, अजून दुसराच महिना चालू आहे."

"यंदा मका लवकर पेरलाय."

"मका मी पेरलाय. तुम्ही बांधावर बसून चुका काढत होतात."

"मग तुझाच मका वाचतोय ना? गप्प बस."

मी गप्प बसले. त्याला का बंद करायचाय ते मला स्वच्छ दिसत होतं. पोराला नाही म्हणायची हिंमत नाही, म्हणून डोंगराला पुढे करत होता. दुसऱ्या कुठल्या वर्षी मी त्याची साल काढली असती. या वर्षी मूग गिळून बसले. दुसऱ्या दिवशी हाका आल्या. नऊ घरं गप्प राहिल्यावर माझं नाव आलं, तेव्हा मी इतक्या जोरात "ऐकलं!" म्हणाले की गाय दचकली. संध्याकाळी सुक्या मिरच्या चीजमध्ये शिजवल्या, घरी गाळलेल्या आराची बाटली काढली, आणि त्याला जेवायला बोलावलं. तो आला, पण घास घोळवत बसला.

"आवडलं नाही का?"

"आवडलं."

"मग तोंड असं का? डोंगर तुम्हीच बंद केलात ना?"

"मीच केला," म्हणाला, आणि लवकर उठून गेला.

त्यानंतर त्याचं काहीतरी वेगळंच चालू झालं. रोज अंगणात खिंडीकडे तोंड करून बसायचा. डोकं भादरून घेतलं. सणाला नेसायचा तो घो पेटीतून काढून झटकला. एका सकाळी बघते तर त्याच्या कुंपणावर दोन घोंगड्या उन्हात टाकलेल्या. एक त्याची. दुसरी पिवळ्या काठाची, शेराब लहानपणी घ्यायचा ती. मी ओढ्याच्या अलीकडे उभी राहून बघत बसले. डोंगर बंद करून पाहुण्याचं अंथरूण वाळत कोण घालतं? तेव्हा मला कळलं की आपल्याला वाटलं होतं ते अर्धंच खरं आहे. 

फाटकाच्या अलीकडे ओकची झाडं आहेत. तिथला पाचोळा गोळा करायला बंदी नाही. गोठ्यात पसरायला तो लागतोच. एका सकाळी मी तिथे पाचोळा ओढत होते, तर वाशापलीकडे दगडावर कुणीतरी बसलेलं दिसलं. चांगले बूट, फुगलेलं जाकीट, पाठीवर बोचकं. अंगाने भरला होता, पण मानेवरून ओळखला. मेमेचीच मान.

"शेराब?"

तो उठून उभा राहिला. "अनी! तू अजून तशीच आहेस गं."

"तशीच म्हणजे? तू गेलास तेव्हाही म्हातारीच होते." मी त्याची सख्खी आत्या नव्हे, पण लहानपणापासून तो मला अनीच म्हणतो. "तिथे काय करतोयस? ये ना इकडे."

"आपा बरे आहेत?"

"बरे आहेत. ये."

तो आला नाही. सुताला हात न लावता त्याने वाकून गाठ बघितली. "त्यांचीच गाठ आहे. कधी बंद केला?"

मी सांगितलं. त्याने मनात हिशेब केला. त्याचा चेहरा बघवेना.

"म्हणजे माझा निरोप ऐकल्यावर."

मी हातातला पाचोळा खाली ठेवला.

"कळलं मला," तो म्हणाला. "तोंडाने नाही म्हणवलं नाही, म्हणून असं सांगितलं."

"काही कळलं नाही तुला, दीडशहाण्या. वाक, वाशाखालून ये, आणि जे विचारायचंय ते त्यांना विचार."

"मी ओलांडू?" तो कसनुसा हसला. "अनी, तुला आमचं वासरू आठवतं ना?"

आठवत होतं. सात-आठ वर्षांचा असेल. बंदीच्या दिवसांत त्यांचं वासरू वाशाखालून वर पळालं, आणि हे पोर दिवसभर फाटकाशी उभं राहून रडलं, हाका मारत नव्हतं, पाऊल टाकत नव्हतं. वासरू बिबट्याने नेलं. मेमेने पोराला खांद्यावर बसवून गावभर मिरवलं. माझ्या पोराने वासरू जाऊ दिलं पण सूत ओलांडलं नाही, असं तो खोऱ्याच्या टोकापर्यंत सांगत गेला.

"तेव्हा लहान होतास," मी म्हटलं.

"तेव्हा वासरू होतं. आता मी ओलांडला आणि गारा पडल्या, तर त्यांच्याच घराण्याच्या पोराने मोडला म्हणतील."

"कोण म्हणेल? म्हणायला आहे कोण इथे?"

त्यावर तो खाली गावाकडे बघायला लागला. बराच वेळ बघत होता.

"आमचं खालचं शेत दिसत नाही ते?"

"दिसतंय की. ते उंच झालंय. त्या पांढऱ्या झाडांत बघ."

"तिथल्या म्हाताऱ्यांना मी या जंगलाचे फोटो दाखवतो. म्हणतो, हे माझं गाव." मग म्हणाला, "किती सुंदर दिसतं गं इथून."

"इथून दिसतं."

खरं सांगते, त्या वेळी मी नुसती गप्प राहिले असते तरी काम झालं असतं. पोर माघारी गेलं असतं, म्हातारा इथे राहिला असता, आणि माझ्या सकाळी होत्या तशा राहिल्या असत्या. मला हवं होतं ते सगळं त्या वाशाच्या अलीकडे होतं. पण ती पिवळ्या काठाची घोंगडी डोळ्यांपुढून जाईना.

"तुझी घोंगडी उन्हात टाकलीय त्यांनी," मी म्हटलं. "रोज खिंडीकडे बघत बसतात."

त्याचे डोळे भरून आले. "मग बंद का केला?"

"जाऊन विचार!"

तो वाशापर्यंत आला. वाशावर हात ठेवायला गेला आणि हात मागे घेतला. मला वाटलं, आता वाकतो. पण नाही वाकला. पाठीवरचं बोचकं काढून त्याने वाशाखालून माझ्याकडे सरकवलं. त्यात गरम जाकीट होतं, गुडघ्यांना लावायचं मलम होतं. "उद्या दुपारपर्यंत मी रस्त्यावरच्या दुकानात आहे. मग गाडी निघते. आपांना सांग, मी रागावलो नाही."

आणि तो गेला. वळणावर एकदा थांबला. मी हाक मारली नाही. बंद डोंगरावर मोठ्याने हाक मारायची नसते. एवढी शिस्त आमच्या हाडांत मुरलेली.

मी पाचोळा तिथेच टाकून खाली आले. मेमे अंगणात मक्याचे दाणे काढत बसला होता. माझ्या हातातलं जाकीट बघून त्याला सगळं समजलं असावं.

"आला होता?"

"हो."

"ओलांडलं?"

"नाही."

"शाबास," तो म्हणाला आणि पुढचं कणीस घेतलं. दोन-चार दाणे काढले. मग हात थांबला. "हाक तरी मारली का?"

"बंद डोंगरावर हाक मारायची नाही. तुम्हीच शिकवलंत."

हे बोलले आणि लगेच वाटलं, बोलायला नको होतं. त्याने कणीस खाली ठेवलं. खिंडीकडे बघत राहिला, पण आता तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"मला वाटलं ओलांडेल," तो म्हणाला. "दार लावलेलं बघूनसुद्धा आत येईल. एवढंच मला बघायचं होतं गं. आला असता तर गेलो असतो त्याच्याबरोबर. गाठ सोडून, माफी मागून गेलो असतो."

"याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण," मी म्हटलं. "तो समजला, बाप म्हणतोय येऊ नकोस. रडत गेला. उद्या दुपारपर्यंत दुकानात आहे. तुम्ही जा."

"डोंगर बंद आहे."

"अजून तिसरा महिनासुद्धा संपला नाही. खरी बंदी चौथ्यात."

"बंद म्हटलं की बंद. डोंगराला महिना कळत नाही, शब्द कळतो."

"आणि तुमच्या पोराला कळला तो शब्द कुठला? तो तसाच घेऊन परत विमानात बसू दे?"

 मी तिथेच बसले आणि उरलेली कणसं सोलायला लागले. पुष्कळ वेळाने त्याने विचारलं, "तू एकटी राहशील?"

"मी काय तान्हं बाळ आहे? आणि एकटी कुठली? डुकरं आहेत, माकडं आहेत, तुमचं ते पुढे गेलेलं साठ टक्के आहे."

तो हसला. मीही हसले. आतून माझ्या जिवाचं पाणी होत होतं, आणि तोंड मात्र चालूच होतं. माझ्या तोंडाने आयुष्यभर मला गोत्यात आणलं. त्या दिवशी तेच माझ्या कामाला आलं.

"चार दिवसांत परत येतो," तो म्हणाला.

नऊ घरांतली माणसं हेच म्हणाली होती. मी मान हलवली.

"आणि हे बघ, युदेन. गारा पडल्या तर मला कळवायचं. लगेच. बंद मी केला, मोडणारही मीच. धन्याची माफी मागायला माझ्याच घराण्यातलं कुणी लागतं, दुसऱ्याचं काम नाही. गारा पडल्या असं नुसतं कळव, मी असेन तिथून निघून येईन आणि मग पुन्हा जाणार नाही. वचन देतो."

"बरं."

पहाटे आम्ही फाटकाशी गेलो. त्याने तो सणाचा घो घातला होता, वर शेराबचं जाकीट. त्याने धूप जाळला, वाशाजवळ आरा ओतली आणि पुटपुटत राहिला. मग गाठ सोडायला लागला. गाठ त्याचीच, पक्की. मी मदत केली नाही. ती त्याची त्यालाच सोडायची होती. शेवटी सुटली. वासा उचलून तो पलीकडे गेला आणि एकदम लहान दिसायला लागला.

"मागून बांधून घे," म्हणाला. "गाठ येते ना?"

"इतकी वर्षं बघतेय की."

"गायीला सांभाळ. आणि खडकावर चढताना काठी घेत जा. घसरतं."

"जा आता. गाडी निघून जाईल."

तो गेला. मी वासा आडवा टाकला आणि आतल्या बाजूने सूत बांधलं. पहिली गाठ नीट बसली नाही, दुसरी बसली. मग कालचा पाचोळा उचलून घरी आले.

त्याला पोरगा दुकानातच भेटला. दोघं थिंफूला गेले. दहा-बारा दिवसांनी निरोप यायला लागले. मी खडकावर बसून ऐकायची. नात त्याचा कान ओढते, त्याला दात दाखवायला लावते, शाळेत सोडायला मेमेच हवा म्हणून हटून बसते. शेराबने सुट्टी संपेपर्यंत रोज त्याचे गुडघे चोळले. पहिल्या निरोपात मेमे म्हणाला, लवकर येतो. दुसऱ्यात म्हणाला, बघतो. नंतर ते म्हणायचं राहून गेलं. त्याच्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. बहुतेक तो सुखात होता.

मी सकाळी उठून अजूनही ओढ्यापलीकडे बघायची. सवय काही शहाणी नसते. त्याच्या अंगणात रानदवणा उगवला तेव्हा मी जाऊन उपटून टाकला. पुन्हा उगवला. पुन्हा उपटला. दिवसच्या दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही, म्हणून गायीला हाका मारायची. गायीला काम नसतानासुद्धा. एकटेपणा म्हणजे काय ते मला माहीत आहे असं मला वाटायचं. माहीत नव्हतं.

मका कमरेएवढा झाला होता तेव्हा गारा पडल्या. दुपारची वेळ. खिंडीकडून काळं आलं, वारा पडला, आणि मग लसणाच्या गड्ड्याएवढ्या गारा. मी गाय गोठ्यात घातली आणि दारात उभी राहिले. बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं, पत्र्याचा आवाजच तेवढा. थांबल्यावर बाहेर आले तर मक्याचं एक ताट उभं नव्हतं. पूर्वी असं झालं की सगळं गाव मेमेच्या अंगणात जमायचं. कोणी मोडला, कोणी मोडला म्हणून एकमेकांकडे बोटं व्हायची, भांडणं व्हायची, बायका रडायच्या. मी शेतात उभी राहून वाट बघत होते की काय कुणास ठाऊक. चिखलात माझीच पावलं होती.

मग मी काठी घेऊन खडकावर चढले. मला कबूल करायला लाज नाही, मी चढले ती खुशीत. पीक गेलं होतं, वर्षभर काय खायचं ते ठाऊक नव्हतं, आणि मी उड्या मारत चढत होते. दोन शब्द बोलायचे होते आणि माणूस परत येणार होता. वचन होतं त्याचं.

फोन लागला तेव्हा त्याचाच निरोप आधी आला.

"युदेन, तिकडे पूर्वेला वादळ झालं म्हणतात. माझा जीव थाऱ्यावर नाही. गारा पडल्या का गं? खरं सांग. पडल्या असतील तर परवाच्या गाडीने निघतो. पोरीची समजूत कशी घालायची ते बघतो काहीतरी, पण येतो."

मागे ती पोरगी होती. "मेमे, चला ना, चला ना," करत होती. आणि त्याने निरोप बंद करायच्या आधी तिला म्हटलेलंही त्यात आलं होतं, "आलो गं माझी बाय, आलो."

मी ते पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. खालचं सगळं खोरं धुऊन निघालं होतं आणि हिरवंगार दिसत होतं, त्यात माझं शेत तेवढं काळं.

मग मी बटण दाबून धरलं आणि बोलले, "नाही हो, कुठल्या गारा? नुसता शिडकावा झाला. मका माझ्या कमरेला लागलाय. उगाच गाडीत हाडं खिळखिळी करून घेऊ नका. पोरीला शाळेत सोडा."

निरोप गेल्याची खूण दिसेपर्यंत थांबले आणि खाली उतरले. सरींमध्ये गारा अजून विरघळल्या नव्हत्या. आडवा झालेला मका गोळा करून मी गायीपुढे टाकला. तिला दोन दिवस पुरला.